ग्रीक पुराणातले प्राणी आणि पाताळ: वाचायला सुरुवात कुठून करायची, कशी करायची

मेदुसा जन्मानंच गॉर्गन, म्हणजे राक्षसी होती, की आधी देखणी मुलगी होती आणि देवीच्या शापानं तिच्या केसांचे साप झाले? माझ्याकडच्या दोन पुस्तकांत दोन उत्तरं होती. त्यातलं खरं कोणतं हे शोधण्यात माझे दोन महिने गेले. दोन्ही पुस्तकं सुरेख, रंगीत चित्रांची. पण कोणती गोष्ट कुठून घेतली, याचा उल्लेख दोन्हींत नाही. मग उमगलं की दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पहिलं हेसिअड या ग्रीक कवीचं, इ.स.पू. ७०० च्या सुमाराचं. दुसरं ओविड या रोमन कवीचं, लॅटिनमधलं, त्यानंतर जवळजवळ सातशे वर्षांनी लिहिलेलं.

हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर पुढचा घोळ टळला असता, म्हणून हा लेख. ग्रीकांकडे सगळ्या कथा एका जागी बांधलेली अशी पोथी नाही. प्रत्येक गोष्टीला एक सांगणारा आहे आणि त्याचा एक काळ आहे. आपल्याला हे नवं नाही. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही, तरी ती आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. ग्रीक कथा वाचताना तीच जाग ठेवायची: हे कोण सांगतंय, आणि कधी?

खालचा क्रम माझ्या चुकांतून तयार झाला आहे. आठवड्याला चार-पाच तास दिलेत तर चार महिन्यांत निवांत होतो.

१. आधी सामान जमवा

एवढं लागेल:

- होमरची 'ओडिसी' (ट्रॉयच्या युद्धाहून घरी परतणाऱ्या ओडिसियसची कथा), ओळींचे क्रमांक दिलेला अनुवाद
- हेसिअडची 'थिओगनी' (देवांची वंशावळ, अवघ्या १,०२२ ओळी)
- 'होमरी स्तोत्रं', त्यातलं निदान देमेतर या धान्यदेवीचं स्तोत्र
- प्लेटोच्या 'रिपब्लिक'चं फक्त दहावं पुस्तक
- ॲरिस्टोफेनीसचं 'बेडूक' हे नाटक
- अपोलोडोरसच्या नावावर असलेला कथासंग्रह, 'बिब्लिओथेका'
- भूमध्य समुद्राचा एक नकाशा आणि एक दोनशेपानी वही

यातलं जवळपास सगळं मी इंग्रजी अनुवादातून वाचलं आणि तुम्हालाही बहुधा तसंच वाचावं लागेल. मराठीत शेजारची दोन दारं मात्र उघडी आहेत: पु. ल. देशपांडे यांचं 'राजा ओयदिपौस' आणि विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेलं ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र. ओयदिपौसच्या कथेमागे कोडं घालणारी राक्षसी, स्फिंक्स, उभी आहे, त्यामुळे ते नाटक आपल्या विषयातच बसतं. ग्रीक शोकांतिका मराठी तोंडी कशी बसते हे एकदा ऐकलं की परकेपणा बराच कमी होतो.

पैसे खर्च करण्याआधी इंटरनेटवरचं पर्सियस हे मोफत ग्रंथालय पाहा. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचं आहे. मूळ ग्रीक मजकूर आणि जुने इंग्रजी अनुवाद तिथे ओळ-क्रमांकासह मिळतात. हातात पुस्तक हवंच असेल तर लोएब मालिकेची पुस्तकं उत्तम: डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर इंग्रजी. हिरवं कव्हर म्हणजे ग्रीक, लाल म्हणजे लॅटिन. मात्र महाग आहेत; कॉलेजच्या ग्रंथालयात आधी चौकशी करा.

खबरदारी: कॉपीराइट संपलेल्या अनुवादांच्या स्वस्त छापील प्रती ऑनलाइन ढिगानं मिळतात. मी अशी एक घेतली. टिपा गाळलेल्या, ओळींचे क्रमांक नाहीत आणि एका सर्गाची शेवटची दोन पानं गायब. विक्रेत्यानं पैसे परत केले नाहीत. नमुन्याची पानं पाहता येत असतील तर थेट 'ओडिसी'चा अकरावा सर्ग उघडा. समासात पाच-पाच किंवा दहा-दहा ओळींचे आकडे दिसले नाहीत तर ती प्रत सोडून द्या. गद्य अनुवादांतसुद्धा निदान पानाच्या माथ्यावर ओळींचा आवाका दिलेला असावा.

कुणाचा अनुवाद घ्यावा? सॅम्युअल बटलरचा १९०० सालचा गद्य अनुवाद मोफत मिळतो, पण त्यात सगळी रोमन नावं आहेत: ओडिसियसचा युलिसिस झालेला, अथीनाची मिनर्व्हा. नवख्या माणसाचा तिथेच गोंधळ होतो. ई. व्ही. रियूचा १९४६ चा अनुवाद सोपा गद्य आहे. पेंग्विन क्लासिक्स ही मालिका त्याच पुस्तकानं सुरू झाली. एमिली विल्सन यांचा २०१७ चा अनुवाद पद्यात आहे आणि मुळात जितक्या ओळी तितक्याच त्यात आहेत. मी पहिल्या वाचनाला विल्सनच सुचवीन. वाक्यं छोटी आहेत, मोठ्यानं वाचता येतात, आणि हे काव्य मुळात ऐकण्यासाठीच होतं.

२. नावांचा गुंता पहिल्याच आठवड्यात सोडवा

नवे वाचक सगळ्यात जास्त इथे गळतात. एकाच माणसाची तीन-तीन नावं, एकाच नावाची चार-चार स्पेलिंगं. वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने करा, ग्रीक आणि रोमन:

झ्यूस – जुपिटर (किंवा जोव्ह). पोसायडन – नेपच्यून. हेडीस – प्लूटो किंवा डिस. देमेतर – सेरीस. पर्सेफोनी – प्रोसर्पिना. हर्मीस – मर्क्युरी. हेराक्लीस – हर्क्युलिस. ओडिसियस – युलिसिस.

पुस्तकात रोमन नाव दिसलं की कान टवकारायचे: एक तर गोष्ट लॅटिनमधून आली आहे, नाहीतर अनुवाद जुना आहे.

उच्चारांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, आणि हे कुणी सांगत नाही. प्राचीन ग्रीकमध्ये आपल्यासारखे महाप्राण होते: क आणि ख वेगळे, त आणि थ वेगळे, प आणि फ वेगळे. रोमन लिपीला त्यासाठी 'सी-एच', 'टी-एच', 'पी-एच' अशा जोड्या कराव्या लागल्या आणि पुढे इंग्रजीनं त्यांचे उच्चार बदलून टाकले. देवनागरीत एका अक्षरात काम होतं. मृतांना नदीपार नेणारा नावाडी इंग्रजीत 'कॅरन' होतो आणि नवखा मराठी वाचक त्याला 'चॅरन' म्हणतो. मुळात तो खारोन. सिंह-बकरी-साप असा प्राणी म्हणजे खिमायरा. झ्यूसचा बाप क्रोनोस आणि 'काळ' या अर्थाचा शब्द ख्रोनोस, हे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजी पुस्तकांत त्यांची सतत सरमिसळ होते; आपल्याला मात्र क आणि ख यांतला फरक लिहितानाच दिसतो. म्हणून वहीत नावं देवनागरीतच लिहा. मी रूढ झालेली नावं (होमर, प्लेटो, अकिलीस) तशीच ठेवते आणि बाकीची मुळाकडे झुकवते. तुम्ही कोणतीही पद्धत घ्या, पण एकच घ्या.

३. संदर्भ वाचायला शिका

दहा मिनिटांचं काम आहे. 'ओडिसी ११.४८९' म्हणजे अकरावा सर्ग, ४८९ वी ओळ. प्लेटोच्या संदर्भात '६१४बी' असं दिसेल. १५७८ साली छापलेल्या एका आवृत्तीची ती पानं आहेत आणि आजही जगभर तेच आकडे वापरतात. कोणताही अनुवाद असो, आकडा तोच. एखाद्या पुस्तकात गोष्टीशेजारी असा आकडा नसेल तर ती गोष्ट वहीत पेन्सिलीनं लिहा, मूळ सापडलं की शाईनं.

४. 'ओडिसी'च्या नऊ ते बारा या सर्गांपासून सुरुवात करा

पहिल्या सर्गापासून नको. २४ सर्ग, बारा हजारांहून अधिक ओळी. सुरुवातीचे चार सर्ग ओडिसियसच्या मुलाचे आहेत आणि प्राण्यांच्या ओढीनं आलेला वाचक तिथेच पुस्तक मिटतो. नवव्यात एकाक्ष पॉलिफेमस, दहाव्यात माणसांची डुकरं करणारी किर्की, अकराव्यात मृतलोक, बाराव्यात सायरन आणि स्किला. हे चार झाले की मग पहिल्याकडे वळा.

अकरावा सर्ग घाई न करता वाचा. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मधेच थांबून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले होते.

ओडिसियस तलवारीनं एक खड्डा खणतो, एक हात लांब, एक हात रुंद. (मुळातलं मापही कोपरापासूनचंच आहे, त्यामुळे आपला 'हात' इथे चपखल बसतो.) त्यात आधी मध मिसळलेलं दूध ओततो, मग गोड मद्य, मग पाणी, आणि वर जवाचं पांढरं पीठ भुरभुरतो. मेंढ्या कापून त्यांचं काळं रक्त खड्ड्यात सोडतो. रक्ताच्या वासानं मेलेल्यांचे थवे जमतात: नवऱ्या मुली, लग्न न झालेले पोरगे, कष्टानं झिजलेले म्हातारे, रक्ताळलेल्या चिलखतातले सैनिक. तो तलवार उपसून बसतो. टायरेसियस हा द्रष्टा येऊन बोलेपर्यंत कुणालाही रक्ताजवळ येऊ द्यायचं नाही.

आणि तेवढ्यात त्याची आई येते. तो ट्रॉयच्या युद्धाला निघाला तेव्हा ती जिवंत होती; ती गेली हे त्याला इथे, अशा रीतीनं कळतं. तो रडतो, पण तिलाही अडवून धरतो. ती शेजारी गप्प बसून राहते, मुलाला ओळखत नाही. टायरेसियस बोलून गेल्यावर ती पुढे येते, रक्त पिते आणि मग ओळखते. कशानं गेलीस, असं तो विचारतो. आजार नाही, बाण नाही. तुझ्या आठवणीनं गेले, असं ती सांगते. तो तीनदा तिला मिठी मारायला जातो आणि तीनदा ती सावलीसारखी, स्वप्नासारखी हातांतून निसटते. चितेच्या आगीनं मांस आणि हाडं जातात, शिरा त्यांना धरून ठेवत नाहीत, उरतो तो जीव स्वप्नासारखा उडत राहतो, हे ती त्याला समजावून सांगते.

होमरच्या मृतलोकाची सगळी कल्पना एवढ्यात आली. बहुतेकांना तिथे ना बक्षीस ना शिक्षा; फक्त ताकद आणि आठवण गेलेली असते. म्हणूनच तिथे भेटणारा मृत वीर अकिलीस म्हणतो की सगळ्या मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा मी जमिनीवर, स्वतःचं शेतही नसलेल्या एखाद्या गरिबाकडे मजुरी केली असती. शिक्षा भोगणारे टँटलस, सिसिफस असे मोजकेच, आणि त्यांचे अपराध थेट देवांशी निगडित आहेत.

खबरदारी: या सर्गात नावाडी शोधू नका. होमरच्या काव्यांत खारोन नाहीच. मृताच्या तोंडात ठेवायचं नाणंही नाही. ते सगळं नंतरचं. मी हे दोन्ही गृहीत धरून वाचत होते, म्हणून मला सर्ग अपुरा वाटला होता.

बाराव्या सर्गात तसाच चकवा आहे. सायरन म्हटलं की आपल्याला जलपरी दिसते. होमर त्यांच्या शरीराचं वर्णनच करत नाही; आहे तो आवाज आणि त्यांच्याभोवती कुजणाऱ्या माणसांच्या हाडांचा ढीग. ग्रीक भांड्यांवर त्या पक्ष्याच्या धडाच्या बायका आहेत. माशाची शेपटी त्यांना फार पुढे, मध्ययुगात चिकटली. स्किलाचं वर्णन मात्र तपशीलवार आहे: बारा पाय, सहा लांब माना, प्रत्येक तोंडात दातांच्या तीन रांगा, आणि आवाज नुकत्याच जन्मलेल्या कुत्र्याच्या पिल्लासारखा. तो पिल्लाचा आवाज मला दातांपेक्षा भयंकर वाटतो.

५. प्रत्येक प्राण्याला वहीत एक पान द्या

पानावर चारच गोष्टी: कुणी सांगितलं, कधीच्या सुमारास, शरीर कसं, मेला कसा (किंवा मेला नाही). नवं पुस्तक वाचाल तशी त्याच पानावर नवी ओळ. माझं केर्बेरोसचं, म्हणजे पाताळाच्या दारावरच्या कुत्र्याचं, पान असं आहे: हेसिअड – पन्नास डोकी. भांड्यांवरची चित्रं – कधी दोन, कधी तीन. पुढचे लेखक – बहुतेक तीन. ही तफावत चूक समजून पुसू नका. खरा आनंद या तफावतीतच आहे, कारण कथा कशी हलत गेली ते तिथे दिसतं.

६. हेसिअड: राक्षसांचं कुळ

'थिओगनी' दोन-तीन बैठकींत होते, पण नावांचा पूर आहे. कागदावर वंशवृक्ष काढत वाचलं नाही तर काही हाती लागत नाही. मुख्य जोडपं लक्षात ठेवा: एखिदना, अर्धी सुंदर डोळ्यांची तरुणी आणि अर्धी ठिपकेदार नागीण, आणि टायफॉन, ज्याच्या खांद्यांवर सापांची शंभर डोकी. त्या डोक्यांतून कधी बैलाचा, कधी सिंहाचा, कधी कुत्र्याच्या पिल्लांचा आवाज येतो. यांच्या कुळात केर्बेरोस, अनेक डोक्यांची हायड्रा, खिमायरा. हेराक्लीसनं मारलेले बरेचसे प्राणी एकमेकांचे सख्खे नातेवाईक आहेत, हे हेसिअड वाचल्यावरच कळतं.

इथले सायक्लोप्स पॉलिफेमससारखे मेंढपाळ नाहीत. ते तिघे आहेत, ब्रोंतीस, स्तेरोपीस आणि आर्गीस, आणि त्यांनी झ्यूसला वज्र दिलं. डोळा एकच, पण जात वेगळी. सिसिलीत सापडलेल्या बुटक्या हत्तींच्या कवट्यांमुळे एकाक्ष राक्षसाची कल्पना सुचली, असं बऱ्याच ठिकाणी ठामपणे लिहिलेलं असतं, कारण कवटीत मधोमध सोंडेचं मोठं भोक असतं. विसाव्या शतकात एका अभ्यासकानं मांडलेला तो तर्क आहे. आकर्षक आहे, पण होमर किंवा हेसिअड यांच्यात त्याचा मागमूस नाही. वहीत तो 'तर्क' म्हणूनच लिहा.

पाताळाची खोलीही हेसिअड मोजून देतो: आकाशातून टाकलेली ऐरण नऊ दिवस नऊ रात्री पडत राहून दहाव्या दिवशी पृथ्वीवर पोचेल, आणि पृथ्वीवरून टाकली तर तेवढ्याच वेळात टार्टारसला, म्हणजे पाताळाच्या तळाला. दारावरचा कुत्रा आत येणाऱ्यांपुढे शेपूट आणि कान हलवून गोंडा घोळतो. बाहेर निघू पाहणाऱ्याला मात्र खाऊन टाकतो. मृत्यूबद्दल याहून नेमकं चित्र मी कुठे वाचलेलं नाही.

७. हेडीसला यम करू नका

मराठी वाचकाचा हा हमखास सापळा, म्हणून वेगळा मथळा. साम्यं दिसतात: नदी आहे, कुत्रा आहे, राजा आहे. मन लगेच पाताळातल्या स्टिक्स नदीला वैतरणी म्हणू लागतं. पण पाताळाचा राजा हेडीस पाप-पुण्याचा हिशेब ठेवत नाही, जीव न्यायला येत नाही आणि दूतही पाठवत नाही. 'ओडिसी'च्या चोविसाव्या सर्गात जिवांना घेऊन जाणारा हर्मीस आहे. अकराव्यात निवाडा करताना दिसतो तो मिनोस, मेलेला एक राजा. हेडीस फक्त त्या जागेचा धनी आहे, इतका की जागेलाही पुढे त्याचंच नाव पडलं. इंग्रजीतून वाचताना दुसऱ्या बाजूचाही धोका असतो: त्याला सैतान समजण्याचा. तो देवांचा शत्रू नाही, झ्यूसचा सख्खा भाऊ आहे.

टार्टारस, अॅस्फोडेलचं कुरण आणि इलिझियम या तिन्ही जागा एकाच नकाशात नरक, मधला लोक आणि स्वर्ग अशा मांडलेल्या तुम्हाला चित्रांत दिसतील. जुन्या ग्रंथांत असा नकाशा नाही. 'ओडिसी'च्या चौथ्या सर्गात मेनेलाओसला इलिझियम मिळणार आहे ते पुण्यामुळे नाही; तो हेलेनचा नवरा, म्हणजे झ्यूसचा जावई, म्हणून.

८. देमेतरचं स्तोत्र

४९५ ओळी, एका संध्याकाळचं वाचन. फुलं तोडणाऱ्या पर्सेफोनीला हेडीस पळवतो, देमेतर अन्नपाणी सोडून लेकीला शोधत फिरते, पृथ्वीवर पीक उगवत नाही. शेवटी लेक परत येते, पण डाळिंबाचा एक दाणा खाल्लेला असतो. म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खाली काढावा लागतो. (पुष्कळ पुस्तकांत 'सहा दाणे, सहा महिने' असतं. ते इथलं नाही, पेन्सिल वापरा.) हे स्तोत्र शतकानुशतकं हरवलेलं होतं, १७७७ साली मॉस्कोत एका हस्तलिखितात सापडलं.

ते वाचायलाच हवं, कारण ग्रीक परलोकात पहिल्यांदा आशा दिसते ती इथे. अथेन्सजवळच्या एल्युसिस गावी देमेतरची गुप्त व्रतं होत. ज्यानं ती पाहिली तो सुखी, ज्यानं नाही त्याला खालच्या अंधारात तसं सुख नाही, असं स्तोत्र सांगतं. आत नक्की काय दाखवत ते दीक्षा घेतलेल्यांनी बाहेर फोडलं नाही. 'एल्युसिसचं रहस्य उलगडलं' असं कव्हरवर छापलेलं पुस्तक दिसलं तर ते मूळ स्तोत्र वाचून होईपर्यंत बाजूला ठेवा.

९. विसरण्याचं पाणी: सोन्याचे पत्रे आणि प्लेटो

हे दोन्ही एकाच आठवड्यात, शेजारी-शेजारी ठेवून वाचा. माझ्या चार महिन्यांतला तो सगळ्यात श्रीमंत आठवडा होता.

दक्षिण इटलीत हिपोनियन नावाचं ग्रीक शहर होतं. तिथल्या एका स्त्रीच्या थडग्यात १९६९ साली सोन्याचा पातळ पत्रा सापडला, इ.स.पू. ४०० च्या सुमाराचा. त्यावर मेलेल्यासाठी वाटेच्या सूचना कोरल्या आहेत. हेडीसच्या घरी पोचलीस की उजवीकडे एक झरा दिसेल, शेजारी पांढरं सायप्रसचं झाड. त्याच्या जवळही जाऊ नकोस. पुढे स्मृतीच्या तळ्यातून वाहणारं थंड पाणी आहे, त्यावर पहारेकरी आहेत. त्यांना सांग: मी पृथ्वीचं आणि ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचं लेकरू आहे, तहानेनं जीव चाललाय, पाणी द्या. असे पत्रे आणखीही सापडले आहेत. त्यांचे अनुवाद 'ऑर्फिक सोन्याचे पत्रे' या नावानं शोधा. माणसाच्या सोबत मातीत ठेवलेला कागद म्हणून ते वाचा, बोट ठेवून, एकेक ओळ.

मग 'रिपब्लिक'चं दहावं पुस्तक, ६१४ पासून शेवटपर्यंत. एर नावाचा पाम्फिलियाचा सैनिक लढाईत पडतो. दहाव्या दिवशी प्रेतं उचलतात तेव्हा त्याचं शरीर कुजलेलं नसतं. बाराव्या दिवशी चितेवर तो उठून बसतो आणि पाहिलेलं सांगतो. जीव हजार वर्षांचा प्रवास करून येतात आणि पुढचा जन्म स्वतः निवडतात. एजॅक्स सिंह होणं पत्करतो, अगामेम्नॉन गरुड, ऑर्फियस हंस. ओडिसियसची पाळी सगळ्यात शेवटी येते. आधीच्या कष्टांच्या आठवणीनं महत्त्वाकांक्षा गळालेली असते. कोपऱ्यात पडलेलं, बाकीच्यांनी नाकारलेलं एका साध्या खासगी माणसाचं आयुष्य तो शोधून काढतो आणि म्हणतो, पहिली पाळी असती तरी मी हेच घेतलं असतं. नंतर सगळे विसरण्याच्या मैदानात जाऊन नदीचं पाणी पितात आणि विसरतात. ज्यांना भान नाही ते मापापेक्षा जास्त पितात.

अकराव्या सर्गातला ओडिसियस आणि हा ओडिसियस यांच्यामध्ये तीनशेहून अधिक वर्षं आहेत. पुनर्जन्म पाहून 'हे तर आपलंच' म्हणून पुढे सरकू नका. इथे कर्मानुसार जन्म मिळत नाही. तो निवडावा लागतो, आणि दोष निवडणाऱ्याचा, देवाचा नाही, असं प्लेटो बजावतो. हा फरक बारीक आहे, पण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

याच सुमाराला 'बेडूक' वाचा. इ.स.पू. ४०५ चं विनोदी नाटक. चांगला कवी परत आणायला डायोनायसस देव पाताळात निघतो. इथे नावाडी खारोन आहे, भाडं दोन ओबोल (छोटी नाणी), आणि पाण्यात बेडकांचं समूहगान. गंभीर परलोकाची अथेन्सचे लोक भर सणात कशी थट्टा करत, हे कळायला हवं.

१०. संग्रह आणि लॅटिन सगळ्यात शेवटी

अपोलोडोरसचा संग्रह इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. कर्त्याचं खरं नाव माहीत नाही. अपोलोडोरस नावाच्या एका जुन्या विद्वानाचं नाव त्याला चुकून चिकटलं. हायड्राला नऊ डोकी आणि मधलं अमर, हे इथलं. तो सलग वाचायचा ग्रंथ नाही, शब्दकोशासारखा चाळायचा. नवखे नेमके यापासूनच सुरुवात करतात, कारण सगळं एका जागी मिळतं. पण ज्ञानेश्वरीपासून आपल्यापर्यंत जेवढा काळ लोटला, साधारण तेवढाच होमरपासून या संग्रहापर्यंत लोटला आहे, हे विसरू नका.

ओविडचं 'मेटामॉर्फोसीस' आणि व्हर्जिलच्या 'एनीड'चा सहावा सर्ग त्यानंतर. दोन्ही अप्रतिम आणि दोन्ही रोमन. एव्हाना तुमच्या वहीत ग्रीक ओळी भरलेल्या असतील, त्यामुळे मेदुसा किंवा स्किला ओविडकडे शापित मुलगी कशी होते, ते तुम्हाला आपोआप दिसेल.

११. जमल्यास: ग्रीकांना दिसलेला भारत

क्टेसियस हा ग्रीक वैद्य इराणच्या दरबारात होता. भारत न पाहता त्यानं भारताबद्दल ग्रंथ लिहिला. आज त्याचे उतारे आणि सारांश उरले आहेत. माणसाचा चेहरा, सिंहाचं अंग आणि विंचवाची नांगी असलेला 'मार्तिखोरा' आणि एका शिंगाचं रानगाढव त्यातलंच. हिरोडोटसच्या तिसऱ्या पुस्तकात कोल्ह्याहून मोठ्या, सोनं उकरणाऱ्या मुंग्या आहेत, त्याही भारतातल्या. ग्रीक पुराणप्राण्यांच्या पुस्तकांत आपला देश असा येऊन बसतो, आणि ही पानं वाचताना मला दरवेळी नकाशा उलटा धरल्यासारखं होतं.

पुण्या-मुंबईच्या जवळपास असाल तर वही घेऊन कार्ल्याला जा. मळवली स्टेशनवरून, एकवीरेच्या पायऱ्या चढून. चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मीतले दानलेख आहेत आणि त्यांत धेनुकाकटच्या 'यवनां'ची नावं आहेत. यवन हा शब्द आयोनियन ग्रीकांच्या नावावरून आला. पण या दात्यांची नावं भारतीय वळणाची आहेत, तेव्हा ते जन्मानं ग्रीक होते असं लगेच लिहून टाकू नका. आतला उजेड कमी असतो, अक्षरं बारीक आहेत. सकाळी लवकर पोचा, छोटी बॅटरी न्या, आणि वहीत जे दिसलं तेवढंच शाईनं लिहा.